लूप उलगडला आणि हमी खोटी ठरली: कंपायलरमधल्या एका दुरुस्तीच्या रिव्ह्यूचं प्रकरण

पार्श्वभूमी

रस्ट भाषेचा एक कडक नियम आहे. एखाद्या जागेचा बदलता येणारा संदर्भ कोणाच्या हातात असेल, तर तो वापरात असेपर्यंत त्या जागेला दुसऱ्या कुठल्याही वाटेनं हात लावता येत नाही. हा नियम पाळला जातोय का, हे कंपायलर (प्रोग्रामचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणारं साधन) स्वतः तपासतो. सी भाषेत सी-९९ पासून ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द साधारण तेच सांगतो, पण तिथे तपासणारं कोणी नाही. प्रोग्रामरनं शब्द दिला, तो खोटा निघाला, तर निस्तरायचं त्यानंच.

रस्टचा कंपायलर शेवटचा मशीन कोड बनवण्याचं काम सहसा एलएलव्हीएम या अनेक कंपायलरांच्या सामाईक पायावर सोपवतो. तिथे ही हमी ‘नोएलियास’ या खुणेनं पोचते. फंक्शनच्या पॅरामीटरवर ही खूण असली, की ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) समजतो: या पॉइंटरमधून (मेमरीतल्या जागेच्या पत्त्यातून) जे लिहिलं जाईल, ते दुसऱ्या पॉइंटरमधून वाचलं जाणार नाही. मग तो किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्येच धरून ठेवतो, वाचन-लेखनाचा क्रम बदलतो, दोनदा वाचायचं ते एकदाच वाचतो.

सी मध्ये रिस्ट्रिक्ट क्वचितच कोणी लिहितं. रस्टमध्ये मात्र बदलता येणारा संदर्भ घेणाऱ्या जवळपास प्रत्येक फंक्शनवर ही खूण आपोआप उमटते. त्यामुळे एलएलव्हीएमचा जो कोपरा सी प्रोग्राम वर्षानुवर्षं चुकूनच तपासायचे, तो रस्टनं रोजच्या वापरात आणला. २०१६ मध्ये एका वेगळ्या दोषापायी रस्टनं ही खूण काढून टाकली होती. ऑगस्ट २०१८ मधल्या १.२८ आवृत्तीत ती परत आली, आणि सप्टेंबरमध्ये नवी तक्रार दाखल झाली.

नावं आणि पडद्यामागच्या गप्पा इथे मुद्दाम गाळल्या आहेत. कोण काय म्हणालं यापेक्षा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोडबदल, कोणत्या कसोट्यांवर टिकला, हे बघण्यासारखं आहे.

काय बिघडलं

तक्रारीतला प्रोग्राम साधा होता. तीन ओळी आणि चार स्तंभांचा मॅट्रिक्स, बारा अपूर्णांक एका सलग अ‍ॅरेत मांडलेले. शेवटच्या स्तंभातली किंमत पाहून ओळींची अदलाबदल करायची. ऑप्टिमायझेशन बंद असताना उत्तर बरोबर यायचं, चालू केलं की चुकायचं. प्रोग्राममध्ये कुठेही ‘अनसेफ’ (कंपायलरच्या तपासणीत सवलत मागणारा शब्द) नव्हतं. म्हणजे वापरणाऱ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, चूक कंपायलरचीच.

पुढची पायरी म्हणजे दोष आटवणं. नमुना इतका लहान करायचा, की त्यातली एक ओळ काढली तरी दोष दिसेनासा व्हावा. इथे ते फार चांगलं साधलं. रस्ट पूर्ण बाजूला ठेवून, रिस्ट्रिक्ट वापरलेल्या छोट्याशा सी प्रोग्राममध्ये तोच दोष उभा करता आला. गंमत म्हणजे तो नमुना जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्येही चुकीचं उत्तर देत होता. एलएलव्हीएमकडे बग क्रमांक ३९२८२ आणि जीसीसीकडे ८७६०९ अशा दोन नोंदी झाल्या. एकमेकांचा कोड न वापरणारे दोन कंपायलर एकाच जागी घसरतात, तेव्हा ती कोणाच्या टायपिंगची चूक नसते, विचारातच कुठेतरी फट असते.

ती फट समजून घ्यायला लहानसं उदाहरण घेऊ. दोन खान्यांचा अ‍ॅरे आहे, त्यात १०० आणि २००. एक फंक्शन ‘क’ आणि ‘ख’ असे दोन पॉइंटर घेतं, दोन्हींवर नोएलियास. ते ‘क’ मधली किंमत वाचून ‘ख’ मध्ये टाकतं, मग ‘क’ मध्ये शून्य ठेवतं. हे फंक्शन लूपमधून दोनदा बोलावलं जातं. पहिल्या फेरीत ‘क’ म्हणजे पहिला खाना आणि ‘ख’ म्हणजे दुसरा. दुसऱ्या फेरीत उलट. कोणता खाना कधी, हे बाहेरून येतं, कंपायलरला आधी ठाऊक नसतं.

पहिल्या फेरीनंतर अ‍ॅरे ०, १०० असा होतो. दुसरीनंतर १००, ०. बरोबर उत्तर हेच. आणि कोणत्याही एका फेरीत ‘क’ आणि ‘ख’ एकाच खान्याकडे बोट दाखवत नाहीत, म्हणजे हमीही खरी.

आता ऑप्टिमायझर काय करतो ते पाहू. आधी फंक्शन इनलाइन होतं, म्हणजे त्याचा मजकूर लूपच्या आत चिकटवला जातो. फंक्शन गेलं की पॅरामीटर जातात आणि पॅरामीटरवरची खूणही जाते. ती माहिती वाया जाऊ नये म्हणून २०१४ पासून एलएलव्हीएमचा इनलायनर तिचं रूपांतर मेटाडेटात, म्हणजे कोडला जोडलेल्या टिपणांत, करतो. प्रत्येक पॉइंटरसाठी एक ‘स्कोप’ तयार होतो. या वाचनाला ‘क’ चा स्कोप, त्या लेखनाला ‘ख’ चा स्कोप, आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, अशी नोंद.

मग लूप अनरोल होतो. दोन फेऱ्यांच्या दोन प्रती सरळ एकाखाली एक येतात, आणि मेटाडेटा जसाच्या तसा दोन्ही प्रतींवर जातो. दोन्हींत ‘क’ चा स्कोप तोच, ‘ख’ चाही तोच. आता ती नोंद वाचली तर अर्थ निघतो: पहिल्या फेरीतलं ‘ख’ चं लेखन आणि दुसऱ्या फेरीतलं ‘क’ चं वाचन यांचा संबंध नाही. प्रत्यक्षात दोन्ही एकाच, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या, खान्यावर चालली आहेत! त्या नोंदीच्या भरवशावर वाचन लेखनाच्या वर सरकवलं, तर १०० च्या जागी जुने २०० हाती येतात आणि शेवटी अ‍ॅरे २००, ० होतो.

लूप गुंडाळलेला असताना नोंद खरी होती, कारण तिचा आवाका एका फेरीपुरता होता. मात्र तो आवाका कुठेच लिहून ठेवलेला नव्हता.

पहिला निर्णय: खूण बंद

रस्टच्या बाजूनं दोन वाटा होत्या. एलएलव्हीएममध्ये दुरुस्ती येईपर्यंत थांबायचं, किंवा खूण पुन्हा काढून टाकायची. खूण काढली की कोडचा वेग काही ठिकाणी कमी होतो, पण चुकीचा कोड निघत नाही. ११ ऑक्टोबर २०१८ ला १.२९.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात बदलत्या संदर्भांवरची खूण बंद झाली.

या निर्णयावर फारसा वाद होण्यासारखं काही नाही. वेगासाठी चुकीचं उत्तर, हा सौदा कंपायलरमध्ये कोणी करत नाही. पण एक तपशील कौतुकाचा. मॅट्रिक्सचा तो प्रोग्राम रस्टच्या चाचण्यांमध्ये कायमचा दाखल केला गेला, आणि त्यावर ऑप्टिमायझेशन चालू व कोडजेन युनिट (कोड ज्या तुकड्यांत वेगळा तयार होतो तो तुकडा) एकच, अशा अटी लिहिल्या गेल्या. या अटी नसत्या तर चाचणी नेहमी हिरवी दिसली असती आणि काहीच सिद्ध झालं नसतं. रिव्ह्यू करताना मी चाचणीच्या मजकुराआधी तिचे फ्लॅग, म्हणजे अशा अटी, वाचतो, ते याचसाठी.

दुरुस्तीचे पर्याय

एलएलव्हीएमकडे मात्र प्रश्न सोपा नव्हता. ढोबळमानानं चार वाटा दिसत होत्या.

पहिली, अनरोल करताना हा मेटाडेटा सरळ पुसून टाकायचा. पॅच लहान, वाचायला सोपा, आणि नोंदवलेला दोष नक्की जातो. घाईत असलेला रिव्ह्यूअर इथेच ‘चालेल’ म्हणून मोकळा होईल. पण अनरोल केलेल्या लूपमध्येच तर ही माहिती सगळ्यात जास्त कामाची असते. ती तिथेच पुसली, तर ठेवून उपयोग काय?

दुसरी, प्रत्येक प्रतीला नवे स्कोप द्यायचे. पहिल्या फेरीचा ‘क’ वेगळा, दुसरीचा वेगळा. फेरीच्या आतली माहिती टिकते, फेऱ्यांमधला खोटा दावा जातो. या धाटणीचा एक पॅच आधी मांडलाही गेला होता.

तिसरी म्हणजे सी च्या रिस्ट्रिक्टचा पूर्ण अर्थ एलएलव्हीएममध्ये नव्यानं मांडायचा. यासाठी पॅचांची मोठी मालिका २०१९ पासून तयार होती. ती पुरी झाली असती तर हा दोष आणि त्याच्या जवळपासचे बरेच प्रश्न एकदम सुटले असते. अडचण आकाराची. ती मालिका कित्येक पासना (कोडवर एकामागून एक चालणाऱ्या टप्प्यांना) हात लावत होती, आणि एवढं सगळं समजून ‘हो’ म्हणू शकणारे रिव्ह्यूअर कुठल्याही प्रकल्पात बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

चौथी वाट म्हणजे त्या मोठ्या मालिकेतून फक्त लागतो तेवढा तुकडा काढायचा आणि त्यावर दुसऱ्या वाटेची दुरुस्ती बसवायची. शेवटी हीच निवडली गेली.

खरा पेच: स्कोप कोणाचा?

दुसरी वाट पुरेशी का नव्हती? मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती हीच जागा.

वरच्या उदाहरणात फंक्शन लूपच्या आतून बोलावलं जात होतं. हमी दर बोलावण्यामागे नवी, म्हणून दर फेरीमागे नवा स्कोप हवा. आता उलटं चित्र बघा. ‘क’ आणि ‘ख’ घेणारं फंक्शन एकदाच बोलावलं जातं आणि लूप त्याच्या पोटात आहे. इथे हमी सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच आहे. पहिल्या फेरीतला ‘ख’ आणि दहाव्या फेरीतला ‘क’ यांचाही संबंध नाही, आणि हे विधान खरं आहे. अशा लूपमध्ये प्रत्येक प्रतीला नवे स्कोप वाटले, तर चुकीचा कोड निघणार नाही, पण खरी आणि मोलाची माहिती फेकून दिली जाईल.

इनलाइन झाल्यावर ही दोन्ही चित्रं मेटाडेटात हुबेहूब सारखी दिसतात. लूपच्या आत काही वाचनं-लेखनं आणि त्यांवर स्कोप, बस. स्कोप लूपच्या आत जन्मला की बाहेर, हे सांगणारं काहीच उरत नाही. अनरोल करणाऱ्या पासला कितीही हुशार केलं तरी जी माहिती आधीच हरवली आहे ती त्याला मिळणार कुठून? म्हणजे दोष दिसला अनरोलमध्ये, पण दुरुस्तीची पहिली जागा इनलायनर होती.

कंपायलरच्या रिव्ह्यूत हे वारंवार होतं. ज्या पासमध्ये उत्तर बिघडतं तो अनेकदा फक्त निरोप्या असतो. आधीच्या पासनं त्याच्या हातात अर्धवट माहिती दिलेली असते आणि त्यानं ती प्रामाणिकपणे पुढे नेलेली असते.

काय केलं

उपाय असा: स्कोप जिथे जन्मतो तिथे इनलायनरनं आयआरमध्ये (कंपायलरच्या आतल्या मधल्या रूपातल्या कोडमध्ये) एक जाहीरनामा ठेवायचा. त्यासाठी ‘नोएलियास स्कोप डिक्लरेशन’ नावाचा एक इंट्रिन्सिक (कंपायलरला आतून ठाऊक असलेली खास सूचना) आणला गेला, नावात ‘एक्सपेरिमेंटल’ जोडून. मशीन कोड बनताना तो गळून पडतो. त्याचं काम एकच, हा स्कोप इथे सुरू होतो हे सांगणं. आता अनरोल करणाऱ्या पासला निर्णय सोपा झाला. जाहीरनामा लूपच्या आत असेल तर स्कोपची नवी प्रत काढायची, बाहेर असेल तर हात लावायचा नाही.

काम टप्प्याटप्प्यानं रिव्ह्यूला आलं. एका पॅचमध्ये फक्त इंट्रिन्सिक आणि त्याचे नियम. दुसऱ्यात इनलायनर तो घालू लागला. तिसऱ्यात अनरोल तो वाचू लागला, आणि आधीच्या छोट्या पॅचमधल्या चाचण्याही त्यात घेतल्या गेल्या. हे सगळं जानेवारी २०२१ मध्ये मुख्य शाखेत गेलं. अशी विभागणी रिव्ह्यूअरवर उपकार म्हणून करत नाहीत. पहिल्या पॅचमध्ये प्रश्न अर्थाचा असतो, दुसऱ्यात खर्चाचा आणि तिसऱ्यात अचूकपणाचा. एकत्र आले असते तर तिन्हींची मिसळ झाली असती आणि खर्चाच्या चर्चेत अर्थाचा प्रश्न वाहून गेला असता.

खर्चाचा प्रश्न खोटा नव्हता. काहीही न करणारी सूचना आयआरमध्ये टाकली, तरी ती जागा अडवते. कितीतरी पास ‘या ब्लॉकमध्ये (सलग चालणाऱ्या सूचनांच्या गटात) इतक्याच सूचना असतील तर पुढे जा’ अशा मर्यादांवर चालतात. कोणी दोन सूचना लागोपाठ आहेत का बघतं, तर मध्ये हा पाहुणा. मेमरीला हात लावणारी सूचना म्हणून तो मोजला गेला, तर आणखी अडथळा. त्यामुळे ‘हा दिसला तर दुर्लक्ष करा’ हे जागोजागी शिकवावं लागतं. आणि जिथे शिकवायचं राहतं तिथे चुकीचा कोड निघत नाही, फक्त कोड थोडा संथ होतो. असं काही कोणाच्या लवकर लक्षात येत नाही.

अर्थाचा प्रश्न आणखी नाजूक. एकाच स्कोपचे दोन जाहीरनामे असू शकतात का? ब्लॉकची प्रत निघाली तर होतील. एक दुसऱ्याच्या आधी हमखास चालत असेल, तर मूळचाच घोटाळा परत उभा: दोन वेगळ्या हमींना एकच नाव. यासाठी व्हेरिफायरमध्ये (आयआर नियमांत बसतो का हे पाहणाऱ्या भागात) तपासणी लिहिली गेली, पण ती आली तेव्हा मुद्दाम बंद ठेवलेल्या फ्लॅगच्या मागे आली.

ते पटण्यासारखं आहे का? माझं मत: त्या वेळेपुरतं, हो. तपासणी सरसकट चालू केली असती, तर प्रती काढणारे पण अजून न सुधारलेले सगळे पास त्याच दिवशी कोसळले असते. आणि व्हेरिफायर कोसळला म्हणजे वापरणाऱ्याचं बिल्ड थांबतं. पण ‘नंतर चालू करू’ अशा फ्लॅगला मालक आणि मुदत नसेल, तर तो तिथेच राहतो. रिव्ह्यूअरनं मंजुरीबरोबर तेवढं तरी मागून घ्यावं.

निष्पत्ती

एलएलव्हीएमची १२ वी आवृत्ती एप्रिल २०२१ मध्ये आली. रस्टनं मे मधल्या १.५२ आवृत्तीत ती घेतली, पण खूण लगेच चालू झाली नाही. ती जुलै २०२१ अखेर, १.५४ मध्ये परत आली. म्हणजे १.२९.२ पासून पावणेतीन वर्षं. जीसीसीत त्यांच्या बाजूचा दोष त्यांच्या पद्धतीनं आधीच सुटला होता.

पण अनरोलची दुरुस्ती शेवटची नव्हती. लूप रोटेशन लूपच्या सुरुवातीच्या भागाची प्रत काढतं. पीलिंग पहिल्या काही फेऱ्या सोलून बाहेर काढतं. जंप थ्रेडिंग तर लूप नसतानाही ब्लॉकच्या प्रती काढतं. या प्रत्येक ठिकाणी तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागली. सुदैवानं स्कोपच्या प्रती काढणारा कोड तोवर सामाईक झाला होता, त्यामुळे हे पॅच छोटे झाले.

वेगळं काय करता आलं असतं

इनलायनरच्या कोडमध्ये २०१४ पासूनच एक टिप्पणी होती. तिचा आशय असा: एकच फंक्शन त्याला बोलावणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये अनेकदा इनलाइन होऊ शकतं, म्हणून दर वेळी स्कोपच्या नव्या प्रती काढा, नाहीतर चुकीचा कोड निघेल. म्हणजे ‘कोडची प्रत काढली की स्कोपचीही प्रत काढा’ हा नियम पहिल्या दिवसापासून माहीत होता. तो इनलायनरपुरता लिहिला गेला, कारण त्या वेळी समोर तोच होता. मूळ रचनेच्या रिव्ह्यूत कोणी विचारलं असतं, ‘आपल्याकडे कोडच्या प्रती आणखी कोण काढतं?’, तर अनरोलचं नाव पहिल्या मिनिटात आलं असतं. बग नोंदवला गेला तेव्हाही हाच प्रश्न विचारून रोटेशन, पीलिंग, जंप थ्रेडिंग यांची यादी त्याच नोंदीत बनवता आली असती. मग ही ठिकाणं सुरुवातीपासूनच नजरेसमोर राहिली असती.

दुसरी गोष्ट १.२८ बद्दलची. खूण परत चालू करण्याआधी मोठ्या कोडसाठ्यावर चाचण्या चालवणं रस्टच्या लोकांना नवं नाही. पण अशा चाचण्यांतला बराच कोड ऑप्टिमायझेशनशिवाय बांधला जातो किंवा नुसता कंपाइल होतो का एवढंच पाहिलं जातं. खूण जर ऑप्टिमायझरसाठी असेल, तर ऑप्टिमायझेशन चालू ठेवून आणि उत्तरं ताडून घेतल्याशिवाय त्या हिरव्या रंगाला अर्थ नाही. मॅट्रिक्सच्या ओळी बदलण्यासारखे, आत छोटी फंक्शनं आणि बाहेर लहान स्थिर लांबीचे लूप असलेले नमुने मुद्दाम तयार करता आले असते, कारण पूर्ण अनरोल होतो तो अशाच लूपवर.

तिसरी बाब दस्तऐवजाची. मेटाडेटाच्या वर्णनात ‘या दोघांचा संबंध नाही’ एवढंच असून भागत नाही. ‘कुठून कुठपर्यंत’ हेही लिहावं लागतं. आज मी आयआरमध्ये नवी खूण आणणारा पॅच पाहतो, तेव्हा वर्णनात तीन वाक्यं शोधतो: ही खूण पुसली तर चालेल का, ती असलेला ब्लॉक दुसरीकडे हलवला तर ती खरी राहते का, आणि ब्लॉकची प्रत काढली तर काय. तिसरं वाक्य बहुतेक वेळा नसतं. मग पॅच परत पाठवताना मी एकच टेस्ट मागतो: तीच खूण असलेला दोन फेऱ्यांचा लूप, अनरोलनंतरचा आयआर, आणि दोन्ही प्रतींवर काय उमटलं त्याची तपासणी.